महापौरबाईंची त्रेसष्ट लेकरं

अख्ख्या अल्बर्टा प्रांतात आमच्या महापौरबाईंएवढी मोठी व्यक्ती दुसरी नाही, असं मी म्हटलं की आमची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता सांगते, "पप्पा, शी इज फोर इलेव्हन." म्हणजे चार फूट अकरा इंच. ते खरंच आहे. सभागृहात त्यांच्या खुर्चीखाली पाय टेकवायला एक लाकडी पाट ठेवलेला आहे. महापौराच्या गळ्यात असते ती बिल्ल्यांची साखळी आधीच्या महापौरांच्या छातीवर रुळायची. यांच्या ती पोटाखाली लोंबते आणि टेबलाच्या कडेवर आपटून वाजते. पण मी उंचीबद्दल बोलतच नाहीये. मी बोलतोय ते गोतावळ्याबद्दल. या बाईंना आमच्या शहरात त्रेसष्ट मुलं आहेत आणि त्यांनी लग्न केलेलं नाही. घाबरू नका, सगळं देवळात, फादरच्या देखत झालेलं आहे. ही त्यांची धर्मलेकरं. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांच्या डोक्याखाली हात धरून त्या धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या, ती. त्यातलं तिसरं लेकरू म्हणजे फोनमधून डोकं वर न काढणारी आमची कन्या.

आमचं शहर एडमंटनपासून दीड तासावर. शहर म्हणायचं म्हणून शहर; एक लांबलचक रस्ता, एक चर्च, एक वृद्धाश्रम, आणि वस्ती संपल्यावर पाच किलोमीटरवर मांसाचा भलामोठा प्लँट. त्या प्लँटमधल्या शीतगृहाची यंत्रं मी सांभाळतो. बाहेर उणे तीस असताना आत थंडी तयार करण्यासाठी कुणी पगार देतं, हे वसईत कुणाला खरं वाटत नाही. माझा थोरला भाऊ दर नाताळला फोनवर विचारतो, "अरे, नुसत्या खिडक्या उघडल्या तर नाही का चालणार?" इतक्या वर्षांत त्याला पटेल असं उत्तर मला देता आलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तोच प्रश्न पडतो.

मुलगी झाली तेव्हा आम्हाला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. धर्ममाता व्हायला माझी मेहुणी टोरॉंटोजवळच्या मिसिसागाहून येणार होती. ऐन फेब्रुवारीत, बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी असं काही बर्फ पडलं की विमानंच सुटली नाहीत. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली, बाळ पांढऱ्या झग्यात तयार, मी टाय बांधून तयार, आणि फादर विचारतायत, "धर्ममाता कुठे आहे?" मी म्हणालो, "टोरॉंटोच्या विमानतळावर." तेव्हा तिसऱ्या बाकावरून एक लहानखुरी बाई उठली. ती तेव्हा इथल्या एका डॉक्टरच्या घरी मुलं सांभाळायची. आमची ओळख म्हणाल तर चर्चच्या दारात हसण्यापुरती. तिने मला काही विचारलं नाही. भुवया दोनदा वर उडवल्या, पर्स बाकावर ठेवली आणि माझ्या बायकोच्या हातातून बाळ घेतलं. भुवया उडवणं म्हणजे फिलिपिनो लोकांचं 'हो', हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या टायबद्दल काहीतरी म्हणतेय.

समारंभ झाल्यावर ती मला म्हणाली, "आता तू माझा कुंपारे. ही माझी कुमारे." मुलाचे आईबाप आणि धर्ममाता यांच्यात हे नातं लागतं. आपल्याकडे व्याही-विहीण असतात ना, साधारण तसलं. फक्त यात लग्न नसतं, त्यामुळे रुसवेफुगवेही नसतात, नुसतं जेवणखाण असतं. मी वसईचा, आमच्यातही धर्ममातेचा मान मोठा. नाताळला तिच्याकडे जायचं, आशीर्वाद घ्यायचा. पण हिने तो मान जसा अंगावर घेतला तसा मी कुठे पाहिला नव्हता. मुलीला गोवर आला तेव्हा ही हजर. पहिला दात पडला तेव्हा हजर. शाळेच्या नाटकात मुलगी झाड झाली होती, तर ही पहिल्या रांगेत बसून झाडासाठी टाळ्या वाजवत होती, आणि शेजारच्या गोऱ्या बाईला सांगत होती, "ते डावीकडचं झाड माझं आहे."

पुढे प्लँट वाढला आणि फिलिपिन्सहून माणसं येऊ लागली. आज जोडपं, उद्या एकटी बाई, परवा चौघं भाऊ. त्यांच्यापैकी कुणाचंच इथे कुणी नव्हतं. मूल झालं की पहिला प्रश्न, धर्ममाता कोण? आणि उत्तर तिसऱ्या बाकावर बसलेलं. असं करता करता आकडा त्रेसष्टावर गेला. सगळा गाव त्यांना 'आते' म्हणू लागला; त्यांच्या भाषेत ते थोरल्या बहिणीला म्हणतात. आम्हीही म्हणतो. त्रेसष्ट वाढदिवस त्यांना तोंडपाठ आहेत. वही नाही, फोनमध्ये नोंद नाही. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजतो आणि पलीकडून पूर्ण गाणं म्हटलं जातं, दोन्ही कडवी. उचलला नाही तर ते गाणं व्हॉइसमेलवर पडतं, आणि मग संध्याकाळी पान्सितचा ट्रे घेऊन त्या स्वतः दारात उभ्या राहतात. पान्सित म्हणजे भाज्या-मांस घातलेल्या लांबच लांब शेवया. त्या तोडायच्या नाहीत. आयुष्य तोडल्यासारखं होतं म्हणे. मी एकदा काट्याने तोडल्या, तर आतेंनी माझ्या ताटातल्या सगळ्या शेवया उचलून कचऱ्यात टाकल्या आणि नव्या वाढल्या. "तुझ्यासाठी नाही," म्हणाल्या, "माझ्या कुमारेला एवढ्यात विधवा करू नकोस."

एवढ्या घरांत फिरायचं तर गाडी हवी. आणि आतेंना गाडी चालवता येत नाही. अल्बर्टात गाडी न येणं म्हणजे वसईच्या किनाऱ्यावर राहून मासे न खाणं. ड्रायव्हिंग टेस्ट त्यांनी पाच वेळा दिली. हात चांगला आहे, नजर चांगली आहे. अडचण एवढीच की रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की ब्रेक आपोआप लागतो. पाचव्या वेळी तर हिरव्या सिग्नलला गाडी उभी करून, काच खाली घेऊन त्यांनी एका आजीच्या गुडघ्याची चौकशी केली. मागे अकरा गाड्या. परीक्षकाने नापास केलं. आणि दुसऱ्या वर्षी त्याच परीक्षकाने नातवाच्या बाप्तिस्म्याला त्यांना धर्ममाता म्हणून बोलावलं. तो नातू म्हणजे आतेंचं एकेचाळिसावं लेकरू. तेव्हापासून शिफ्ट नसेल तेव्हा त्यांचा ड्रायव्हर मी. बायको म्हणते, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला कधी ग्रोसरीला वेळेवर नेलं नाहीत, आतेंचा फोन वाजायच्या आत तुम्ही बाहेर." बायको खरंच बोलतेय, आणि माझे बूट अर्धे घालून झालेले असतात.

राजकारणात त्या शिरल्या त्या बर्फामुळे. डॉक्टरची मुलं मोठी झाल्यावर त्या वृद्धाश्रमात कामाला लागल्या होत्या. आश्रमासमोरच्या फुटपाथवरचं बर्फ कुणी शोव्हल करत नाही, म्हणून तक्रार करायला त्या नगरपालिकेच्या सभेत गेल्या. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. आते अकरा मिनिटं बोलल्या, आणि त्यांना थांबवायला कुणी घंटी वाजवण्याआधी पर्समधून लुम्पियाचा डबा निघाला. लुम्पिया म्हणजे आपल्या करंगळीएवढे कुरकुरीत रोल. सभागृहात खायला बंदी आहे. पण तोंडात रोल असलेल्या माणसाला 'वेळ संपली' म्हणता येत नाही. फुटपाथ दुसऱ्या दिवशी साफ झाला. जाताना एक नगरसेवक गमतीने म्हणाला, "बाई, तुम्हीच का उभ्या राहत नाही?" आतेंनी भुवया उडवल्या. तो समजला, बाई हसल्या. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्याची जागा गेली.

त्यांचा प्रचार म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेट्रोलचा अपव्यय. बाकीचे उमेदवार संध्याकाळी चाळीस घरांचं दार वाजवायचे. आम्ही तीन. कारण आतेंना दारात उभं राहून बोलता येत नाही, त्यांना स्वयंपाकघर लागतं. एका म्हाताऱ्या विधुराकडे आम्ही पत्रक द्यायला गेलो आणि दीड तासाने त्याचा फ्रिज साफ करून निघालो. जुन्या लोणच्याच्या सात बरण्या मी स्वतः धुतल्या. आमच्या घरून त्यांनी एकच मराठी वाक्य उचललंय, "जेवला का?" ते सगळ्या भारतीयांना चालतं असा त्यांचा पक्का समज. गॅस स्टेशनवाल्या सरदारजींना त्यांनी छातीठोकपणे विचारलं, "जेवला का?" ते बिचारे माझ्याकडे बघून म्हणाले, "भाईसाब, मॅडम क्या कह रही हैं?" मी म्हणालो, "व्होट मांग रही हैं." ते म्हणाले, "वो तो समझ गया, बाकी क्या कहा?"

तर अशा त्या आधी नगरसेविका झाल्या आणि २०१७ साली महापौर. निकालाच्या संध्याकाळी चर्चच्या बेसमेंटमध्ये जे काही झालं त्याला विजयोत्सव म्हणणं कमी पडेल. कॅराओकेचं मशीन आलं. हरलेले उमेदवारही आले, कारण त्यांनाही जेवायला बोलावलं होतं, आणि दोघांनी गाणीही म्हटली. मीही म्हटलं. त्याबद्दल आमच्या घरात आजही बोललं जात नाही.

आणि खरी पंचाईत इथून पुढे सुरू झाली. निवडून आलेल्यांना नियम शिकवायला एडमंटनहून एक वकील आला होता. त्याने सांगितलं, सभेत एखादा विषय आला आणि त्यात तुमच्या कुटुंबाचा फायदा-तोटा असेल, तर तसं जाहीर करायचं, खोलीबाहेर जायचं आणि मतदान करायचं नाही. बाकीच्यांनी ऐकलं आणि कॉफी प्यायली. आतेंनी मात्र ते मनावर घेतलं. गाडीत मला म्हणाल्या, "तिकडे आमच्या गावच्या मेयरने प्रत्येक रस्ता आपल्या कुंपारेच्या दारावरून नेला होता. माझ्या आईच्या दारात शेवटपर्यंत चिखल. मी तसली होणार नाही." मी म्हणालो, "बरोबर आहे." मला काय ठाऊक त्या कुटुंब कशाला म्हणतायत!

पहिल्या सभेत पहिला विषय एका माणसाच्या कुंपणाच्या उंचीचा. आते उठल्या. "माझ्या धर्मलेकराचे वडील आहेत. मी बाहेर जाते." दुसरा विषय बेकरीच्या पाटीचा. "माझी कुमारे." बाहेर. तिसरा, कुणाच्या तरी गॅरेजचा. "नातेवाईक." त्या संध्याकाळी शहराच्या महापौर नऊ वेळा सभागृहाबाहेर आल्या. बाहेरच्या बाकावर मी बसलेलो असायचोच, घरी न्यायला. त्या शेजारी येऊन बसायच्या, पर्समधून शेंगदाणे काढायच्या, आम्ही खायचो. दार उघडून कुणीतरी म्हणायचं, "युअर वर्शिप, तुम्ही आत येऊ शकता." हो, इथे महापौराला युअर वर्शिप म्हणतात. आणि त्या पूज्य बाई शेंगदाण्याची सालं माझ्या तळहातावर ठेवून आत जायच्या. असं वर्षभर चाललं. सभा उपमहापौरच चालवायचे. गावात लोक कौतुकाने म्हणायचे, "काय सचोटी आहे!" सिटी क्लार्कसाहेब मात्र कपाळाला हात लावायचे. इथला सिटी क्लार्क म्हणजे आपला कारकून नव्हे. नियमांचं पुस्तक सांभाळणारा मोठा अधिकारी. उंच, बारीक, आणि इतका सभ्य की त्याला राग आला तर तो आवाज आणखी खाली आणतो. त्या वर्षात त्याचा आवाज जवळजवळ ऐकू येईनासा झाला होता.

मग आला बसचा विषय. प्लँटला जायला बस नव्हती. गाडी नसलेली माणसं टॅक्सी शेअर करायची, नाहीतर हायवेच्या कडेने पाच किलोमीटर चालायची. मागच्या हिवाळ्यात सकाळच्या शिफ्टला चालत निघालेल्या एका तरुण आईच्या कानाच्या पाळ्या थंडीने काळ्या पडल्या, आठवडाभर इस्पितळात होती. तिचं बाळ म्हणजे आतेंचं त्रेसष्टावं लेकरू. त्या आठवड्यात आते त्या बाळाला घेऊन झोपायच्या, आणि उठल्या की माझ्या गाडीत बसून एकच शब्द बोलायच्या, "बस." शहरभर फिरून वृद्धाश्रम, लायब्ररी करत प्लँटला जाणारी बस. वर्षभर त्यांनी प्रत्येक नगरसेवकाचं स्वयंपाकघर गाठलं. सहांपैकी तिघं हो म्हणाले, तिघं नाही. सातवं मत महापौरांचं. मतं सारखी पडली तर ठराव बारगळतो.

आणि विरोधातल्या तिघांपैकी एकाने, हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकाने, अगदी हसतमुखाने प्रश्न विचारला. वाईट माणूस नव्हे, मला नेहमी बर्फाचं मीठ त्याच्याकडूनच मिळतं. तो म्हणाला, "मेयरबाई कुंपणाच्या फूटभर उंचीसाठी बाहेर जातात. मग ज्या बसने त्यांची चाळीस कुटुंबं फिरणार, त्या बसच्या मतदानाला त्या आत कशा बसणार?"

त्यात चूक काहीच नव्हतं. वर्षभर आतेंनी स्वतःच्या हाताने जे दार उघडलं होतं, त्याच दारातून आता त्यांना बाहेर जावं लागणार होतं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी क्लार्कसाहेब कायद्याचं पुस्तक घेऊन थेट आमच्या घरी आले, कारण मिस्सा झाल्यावर आते कुठे असतात हे गावाला माहीत आहे. बायकोने विंदालू केलं होतं. त्यांनी कोट काढला, पुस्तक ताटाशेजारी उघडलं आणि वाचलं. कुटुंब म्हणजे नवरा किंवा जोडीदार, पोटची मुलं, आईवडील, सासूसासरे. बस्स.

"आणि धर्मलेकरं?" आतेंनी विचारलं.

"कायद्याच्या दृष्टीने ती तुमची कुणी नाहीत, युअर वर्शिप. तुम्हाला कधीच बाहेर जायची गरज नव्हती. मी वर्षभर हेच सांगतोय."

"कुणी नाहीत? मग फादर पाणी कुणाच्या डोक्यावर ओतत होते?"

"मी चर्चबद्दल बोलत नाहीये..."

"मी बोलतेय."

क्लार्कसाहेबांचा आवाज खाली गेला. मतदान करायचं तर सभेत, सगळ्यांसमोर, नोंद होईल असं एकदा सांगावं लागेल, की बसमध्ये बसणारी ही माणसं माझं कुटुंब नाहीत. नाहीतर त्याच प्रश्नावर उद्या कुणी कोर्टात जाईल.

"मी हे बोलणार नाही," आते म्हणाल्या.

"मग बस नाही."

अशा वेळी मला सल्ला द्यायची वाईट खोड आहे. मी म्हणालो, "आते, तुम्ही बोलूच नका, नुसती मान हलवा. आमच्याकडे हलवतात तशी. हो की नाही ते कुणालाच कळत नाही." आणि करूनही दाखवलं. क्लार्कसाहेबांनी विचारलं, "हे नोंदवहीत कसं लिहू?" बायको म्हणाली, "अहो, तुम्ही भात घ्या."

त्याच संध्याकाळी मी आतेंना फादरकडे सोडलं. त्यांना कुमसार करायचा होता, म्हणजे पापाची कबुली. पाच मिनिटांत बाहेर आल्या, चेहरा पडलेला. "काय झालं?" तर म्हणाल्या, "मंगळवारी खोटं बोलणार आहे, त्याची माफी आजच मागितली. फादर म्हणतात, ॲडव्हान्समध्ये मिळत नाही. आधी पाप करून ये."

मंगळवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. प्लँटची माणसं शिफ्ट संपवून तशीच आलेली. ती कानाची तरुण आई बाळाला घेऊन भिंतीशी उभी. विषय पुकारला गेला आणि सगळ्यांचे डोळे सवयीने दाराकडे गेले, आता आते उठणार. त्या उठल्या. पाटावरून खाली उतरल्या. साखळी टेबलावर वाजली. पण दाराकडे न जाता त्यांनी हातातला कागद उघडला, आणि घरात मोठ्याने बोलणाऱ्या आमच्या आते शाळेतल्या मुलीसारख्या एकेक शब्द वाचू लागल्या. "या शहरातील त्रेसष्ट व्यक्ती, ज्यांची मी धर्ममाता आहे, त्या या कायद्याच्या अर्थाने माझं कुटुंब नाहीत." पुढे आणखी एक ओळ होती, ती त्यांना वाचता आली नाही. क्लार्कसाहेबांनी मान हलवली. पुरे. नोंद झाली.

चार विरुद्ध तीन. बस पास झाली. छत उडेल एवढ्या टाळ्या पडल्या. मी बाहेर आलो तर आते बाकावर. सभा अजून चालू होती, पुढच्या विषयात त्यांचं कुणी नव्हतं, तरी त्या सवयीने बाहेर येऊन बसलेल्या. शेंगदाणे काढले नाहीत. म्हणाल्या, "कुंपारे, शनिवारपासून गाडी लागेल. सगळ्यांकडे जायचंय."

सगळ्यांकडे म्हणजे सगळ्यांकडे. तीन आठवडे आम्ही पान्सितचे ट्रे घेऊन माफी मागत फिरलो. गाडीला तो वास मार्चपर्यंत होता. प्रत्येक दारात आते उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मी सभेत तुला परकं म्हटलं. मला क्षमा कर." आणि गंमत अशी की कुणाला पत्ताच नव्हता. नगरपालिकेची सभा कोण बघतं? लोकांना बस मिळाल्याचा आनंद, वर आयतं जेवण. कानाची ती आई म्हणाली, "आते, असं बोललात? बरं केलंत. आत या, थंडी आहे." बेकरीवाली म्हणाली, "मी परकी तर मग माझी कढई आठ महिने तुमच्याकडे काय करतेय?" ड्रायव्हिंगचा परीक्षक तेवढा जरा विचारात पडला. नातवाला मांडीवर घेऊन त्याने विचारलं, "म्हणजे वाढदिवसाला येणार नाही का?" "येणार!" "मग प्रश्न काय आहे?"

शेवटचं घर आमचं. ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण आमच्या मुलीने ती सभा पाहिली होती. शाळेच्या सोशल स्टडीजच्या होमवर्कसाठी लॅपटॉपवर, लाइव्ह. त्या दिवसापासून ती आतेंबद्दल अक्षर बोलली नव्हती, आणि सोळा वर्षांच्या मुलीचं न बोलणं कसं असतं ते ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. आते ट्रे घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मी आणि बायको उगाचच सिंकपाशी भांडी विसळत उभे. मुलीने फोन उलटा ठेवला. हे मी वर्षभरात पहिल्यांदा पाहिलं.

"सो लीगली," ती म्हणाली, "यू आर नथिंग टू मी."

"लीगली," आते म्हणाल्या. तो शब्द त्यांनी असा उच्चारला जसा खराब झालेला मासा पिशवीतून दोन बोटांनी काढतात.

"सो यू नेव्हर हॅड टू कम. मीझल्स, स्कूल प्ले, सगळं."

"नो."

"बट यू केम."

"ऑफ कोर्स आय केम!" आते भडकल्याच. "तू झाड होतीस!"

"देन व्हॉट आर यू सॉरी फॉर?" असं म्हणून मुलीने ट्रेवरची फॉइल काढली, दोन ताटल्या घेतल्या आणि वाढायला लागली. आते उभ्याच राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या, आणि शेवया तोडू नकोस म्हणून तिला ओरडल्या. बायकोने नळ जरा मोठा सोडला. तिला रडताना आवाज होतो.

बस जानेवारीत सुरू झाली. पहिली फेरी सकाळी पाच-वीसची. चर्चसमोरच्या थांब्यावर तीस-पस्तीस माणसं, सगळ्यांच्या तोंडातून वाफ. रिबीन नाही, भाषण नाही. आतेंनी नको म्हटलं होतं. मला शिफ्टला जायचंच होतं, म्हणून नेहमीसारखी गाडी त्यांच्यापाशी थांबवून काच खाली केली. "चला आते, हीटर लावलाय." त्या खिडकीशी आल्या, माझ्या हातावर मिटनच्या जाड हातमोज्यातला हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज नाही, कुंपारे." आणि त्या कानाच्या आईचा हात धरून बसमध्ये चढल्या. पायरी उंच होती. मागच्या माणसाने अलगद वर ढकललं.

मी बसच्या मागोमाग निघालो. इतक्या वर्षांत आतेंसाठी मी किती वेळा गाडी काढली असेल, पण शेजारी कुणी माझ्या गिअरबद्दल, माझ्या पोटाबद्दल, माझ्या बायकोशी मी कसं वागावं याबद्दल बोलत नाहीये, असं क्वचितच झालं होतं. रेडिओ लावला, बंद केला. बसची मागची काच बर्फाने पांढरी झाली होती. एका कोपऱ्यात कुणीतरी आतून मिटन घासून वाटीएवढी जागा साफ केली, आणि त्यात आतेंचा चेहरा आला. त्यांनी मला बघितलं आणि हाताने खूण केली, जा, पुढे जा, तुला उशीर होईल. हायवे मोकळा होता. समोरून एकही गाडी येत नव्हती. मी प्लँटपर्यंत बसच्या मागेच राहिलो.